नवीन जागी राहायला आलाय? मग पोरांना खेळायला कसं सोडायचं ते सांगते

घर बदललं की सामान चार दिवसांत लागतं, पण पोरांनी संध्याकाळी करायचं काय हा प्रश्न महिनोन्महिने तसाच लोंबकळत राहतो. जुन्या जागी पाच वाजले की खालून कुणीतरी हाक मारायचं, इथे कुणी ओळखतच नाही, मग आपण काय करतो तर पहिल्याच आठवड्यात क्लास शोधायला लागतो. मी पण तेच केलं. लेक तेव्हा सात वर्षांची होती, दोन दिवस डान्स, दोन दिवस स्केटिंग, शनिवारी चित्रकला, आणि तीन महिन्यांनी सहज विचारलं की इथे तुझी मैत्रीण कोण गं, तर म्हणाली, "कुणीच नाही, तिथे बोलायला देत नाहीत." मग एक दिवस स्केटिंगला मुद्दाम थांबून बघितलं, तर तासातला निम्मा वेळ पोरगी रांगेत उभी. सरांची तरी काय चूक म्हणा, एकटा माणूस आणि बावीस पोरं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की आपण उलट्या टोकाने सुरुवात केलीये. तिला हवी होती पोरं, आणि मी तिला देत होते टाइमटेबल. धाकट्याच्या वेळेला मग क्रम बदलला, आधी जागा बघितली, मग पोरं जमवली, मग हळूहळू मोकळीक, आणि क्लास सगळ्यात शेवटी. खाली तोच क्रम आहे. साधारण ४ ते १२ वयाच्या पोरांचे पालक डोळ्यासमोर ठेवून लिहितेय. त्याहून मोठ्यांना आपल्या सल्ल्याची गरज नसते, निदान त्यांचं तरी तसं म्हणणं असतं.

पहिले पंधरा दिवस : कुठेही नाव घालू नका, नुसतं फिरा

पोराला घेऊन रोज पायी एक चक्कर मारायची. कार नको, स्कूटर नको, गाडीतून हे काही दिसत नाही. वेळ मात्र बदलायची, एक दिवस शाळा सुटल्या सुटल्या, एक दिवस दिवेलागणीच्या आधी, एक दिवस सुट्टीच्या सकाळी. तीच जागा साडेचारला ओसाड आणि सहाला पोरांनी भरलेली असू शकते, आणि आपण साडेचारला बघून "इथे मुलंच नाहीत" असं ठरवून मोकळे होतो.

पोरं दिसली नाहीत तरी खुणा दिसतात. झोक्याखालची माती खोल गेलीये का, भिंतीवर खडूने स्टंप काढलेत का, पत्र्यावर अडकलेला बॉल दिसतोय का, झाडाची एखादीच फांदी घासून गुळगुळीत झालीये का. गुळगुळीत फांदी दिसली की समजायचं, इथे पोरं चढतात आणि त्यांना कुणी हुसकत नाही. उलट नवीकोरी चकचकीत खेळणी, खाली गवताचं पातंही दबलेलं नाही, म्हणजे काहीतरी गडबड आहे. एकतर ऊन फार लागतं, नाहीतर कुणीतरी ओरडतं, नाहीतर तिथे जायचा रस्ताच वाईट आहे.

आणि बाकावर बसलेल्या आजी-आजोबांना विचारा. इंटरनेटवर तुम्हाला क्लासच्या जाहिराती मिळतील, पण कुठली पोरं किती वाजता कुठे खेळतात याची इत्थंभूत माहिती फक्त बाकावर असते. मी नुसतं "आजी, इथे लहान मुलं येतात का हो खेळायला?" एवढंच विचारलं होतं, तर त्यांनी पंधरा मिनिटांत कुठल्या घरात किती पोरं, कोण दादागिरी करतं, कुठल्या कोपऱ्यावर कुत्र्याची पिल्लं आहेत आणि कुणाची आई कुणाशी बोलत नाही हे सगळं सांगितलं. शेवटची माहिती मला नको होती, पण पुढे ती सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

मोठं ग्राऊंड जवळ नसलं तर लगेच खट्टू होऊ नका. पोरांना जागा लागते ती थोडी, आणि जवळ लागते. आल्डो व्हान आयक नावाच्या आर्किटेक्टने १९४७ पासून ॲमस्टरडॅम शहरात पोरांसाठी अशा ७०० च्या वर जागा केल्या, त्यातल्या कितीतरी म्हणजे दोन इमारतींमधला रिकामा पडलेला तुकडा, तिथे एक वाळूचा हौद, दोन-चार लोखंडी कमानी आणि उड्या मारायला सिमेंटचे ठोकळे, बास. लांबच्या भारी पार्कात महिन्यातून एकदा जाण्यापेक्षा दारातला असला ओबडधोबड कोपरा रोज मिळणं कधीही चांगलं, कारण रोज गेलं तरच तीच पोरं परत परत भेटतात.

जागा सापडली, आता दहा मिनिटं डोळे उघडे ठेवून बघा

हे काम एकदाच करायचं पण नीट करायचं, म्हणजे नंतर सारखं "अरे जपून, अरे सांभाळून" करत बसावं लागत नाही. धोके दोन प्रकारचे असतात. एक जो पोराला दिसतो, म्हणजे फांदी उंच आहे, उतार जोरात आहे. तो त्याने स्वतः जोखायचा असतो आणि खेळातली अर्धी मजा त्यातच असते. दुसरा जो पोराला दिसूच शकत नाही, म्हणजे आतून गंजलेला झोक्याचा हुक, गवतातली काच, उघडी वायर. हा दुसरा शोधणं आपलं काम.

मी काय बघते ते सांगते. झोक्याच्या कड्या आणि हुक, तिथली झीज. घसरगुंडीचा पत्रा उन्हात तापलाय का, आपल्या हाताची मागची बाजू टेकवून बघायची, तान्ह्याची चामडी लगेच भाजते. खेळण्यांखाली काय आहे, वाळू किंवा रबर असेल तर बरं, कारण कडक माती आणि गवत दिसायला मऊ वाटतं पण उंचावरून पडलं तर त्याचा फारसा उपयोग नसतो. मग फटी. कठड्याच्या गजांमध्ये किंवा शिडीच्या पायऱ्यांमध्ये साधारण ९ ते २३ सेंटीमीटरची फट असली तर ती वाईट, कारण पाय आणि अंग आत जातं आणि डोकं अडकतं. मोजपट्टी नसेल तर आपली मूठ घालून बघा, मूठ जेमतेम जाईल त्यापासून ते आपलं डोकं जाईल-न-जाईल इथपर्यंतच्या फटींवर लक्ष ठेवायचं.

कपड्यांचं पण बघा. टोपीच्या जर्किनला गळ्याशी नाडी असेल तर काढून टाका, स्कार्फ घरी, आणि सायकलचं हेल्मेट सायकल चालवताना हवंच पण जंगल जिमवर चढताना काढायला लावायचं. अंग फटीतून खाली गेलं आणि हेल्मेट वर अडकलं तर पट्ट्याने गळा आवळतो. बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं, हेल्मेट म्हणजे सेफच ना, पण नाही.

आणि आई-बाबांनीच केलेला एक घोळ, जो आमच्याकडे थोडक्यात निभावला. लहान बाळ एकटं घसरेल म्हणून आपण त्याला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येतो ना, ते अजिबात करू नका. बाळाचा बूट बाजूच्या कडेला अडकतो, आपलं सगळं वजन मागून येत असतं आपण थांबू शकत नाही, आणि नडगीचं हाड मोडतं. एकटं बाळ अडकलं तर नुसतं थांबतं. धाकट्याचा बूट असाच अडकला आणि निघून वर राहिला, म्हणून पाय वाचला. त्या दिवसापासून नियम, स्वतः चढता येत असेल तरच बसायचं, नाहीतर खालून दोन फुटांवरून सोडायचं.

शेवटी रस्ता. घरापासून तिथपर्यंत पोराच्या उंचीवर वाकून चालून बघा, हसतील लोक, हसू दे. पार्क केलेल्या दोन गाड्यांच्या मधून आपल्याला रस्ता दिसतो, सात वर्षांच्या पोराला फक्त टायर दिसतं, आणि ड्रायव्हरला पोर दिसतच नाही. त्यामुळे क्रॉस कुठून करायचं ती जागा पक्की ठरवून टाका, लांब पडली तरी चालेल.

आता पोरं जमवा, तीन घरं पुरतात

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि हाच सगळे टाळतात, कारण यात अनोळखी लोकांशी बोलावं लागतं. पोरं आपोआप भेटतील असं पूर्वी व्हायचं, कारण सगळीच बाहेर असायची. आता प्रत्येक घरातलं पोर वेगळ्या वेळेला वेगळ्या क्लासला, आणि जे बाहेर येतं ते पाच मिनिटं एकटं बघून परत जातं. म्हणून वेळ ठरवावी लागते. रोज जमलं तर उत्तमच, नाहीतर आठवड्यातले दोन दिवस, पण तेच दिवस, तीच वेळ, तीच जागा.

मी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज असा होता : "आम्ही इथे नवीन आहोत. मंगळवारी आणि शुक्रवारी ५ ते ६.३० मी मुलांना घेऊन मागच्या मोकळ्या जागेत असते. काही शिकवणार नाही, काही आणायचं नाही, मुलं नुसती खेळतील. तुमची मुलं पाठवा, तुम्ही नाही आलात तरी मी तिथे आहे." शेवटचं वाक्य कामाचं. सगळ्यांना पोरं पाठवायची असतात, पण "लक्ष कोण ठेवणार" इथे गाडी अडते. पहिल्या मंगळवारी एक मुलगा आला, तो पण आईने ढकलून पाठवलेला. शुक्रवारी कुणीच नाही. पुढच्या मंगळवारी चार. सहाव्या आठवड्यात मी मोजणं सोडलं.

वयाचा घोळ घालत बसू नका, ५ ते ११ सगळी एकत्र आली तर उलट बरं. मोठी पोरं लहानांना कच्चा लिंबू करून घेतात, नियम सोपे करतात, आणि लहान पोरं मोठ्यांचं बघून चार गोष्टी शिकतात ज्या आपण शिकवायला गेलो तर तोंड फिरवतील. क्लासमध्ये सगळी एकाच वयाची, तिथे हे होत नाही.

जागाच नसेल तर? २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात दोन शेजारणींनी आपली गल्ली दुपारी थोड्या वेळासाठी गाड्यांना बंद करून पोरांना दिली, आणि बघता बघता ती पद्धत तिथल्या इतर शहरांत पसरली. तुमच्याकडे परवानगी कशी मिळते ते स्थानिक प्रशासनाकडे विचारावं लागेल, पण आतल्या बंद रस्त्याला दोन तास गाडी न लावण्याइतपत तरी शेजारी ऐकतात, नीट सांगितलं तर.

तुम्ही कुठे बसायचं

लांब. म्हणजे आधी वीस पावलांवर, पुढच्या महिन्यात चाळीस, मग खिडकीत. हातात काहीतरी काम घेऊन बसा, पुस्तक, भाजी निवडणं, काहीही, कारण रिकामं बसलं की आपोआप तोंड चालू होतं. पोरांना पण कळतं की ही बघत नाहीये, मग खरा खेळ सुरू होतो.

पहिल्या दिवशी तुमचं पोर कडेला उभं राहील आणि नुसतं बघेल. तुम्हाला वाटेल आपलं पोर बुजरं आहे, मग तुम्ही त्याला ढकलाल, "जा ना रे, विचार ना, मला घ्या म्हण". नका करू. मिल्ड्रेड पार्टन नावाच्या संशोधक बाईंनी १९३२ साली लहान मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यात कडेला उभं राहून नुसतं बघणं हा एक वेगळा प्रकार म्हणून दिलाय, आणि शेजारी-शेजारी पण आपापलं खेळणं हा आणखी एक. म्हणजे ते बघणारं पोर रिकामं नसतं, नियम काय, कोण कॅप्टन, कोण चिडतं हे सगळं ते उतरवून घेत असतं. माझा धाकटा चार दिवस खांबाला टेकून उभा होता. पाचव्या दिवशी बॉल त्याच्या पायाशी आला, त्याने तो परत मारला, आणि संपलं, घेतला त्याला. मी काही बोलले असते तर तो माझा हात धरून घरी आला असता, गॅरंटी.

मग येणार "आई, कंटाळा आला". याला उत्तर द्यायचं नाही. म्हणजे उद्धटपणे नाही, "हं, येतो कधी कधी" म्हणायचं आणि आपलं पुस्तक वाचायचं. दहा-पंधरा मिनिटं फार वाईट जातात, आपल्याला. त्यानंतर पोरं काहीतरी काढतातच. फोन मात्र त्या दीड तासात कुणाच्याच हातात नको, तुमच्या पण.

खेळणी न्यायची हौस असेल तर विकतची नेऊ नका. मोठे खोके, चादरी, जुने टायर, फळीचे तुकडे, बादली, माती, पाणी, खडू. सायमन निकल्सन याने १९७१ साली यावर लिहिलं होतं, की ज्या वस्तू हलवता येतात, जोडता-तोडता येतात, ज्यांचं काय करायचं हे ठरलेलं नसतं, त्यांच्याशी पोरं जास्त डोकं लावून खेळतात. आणि त्याच्याही आधी डेन्मार्कमध्ये सोरेन्सन नावाच्या लँडस्केप आर्किटेक्टच्या लक्षात आलं की आपण बांधलेल्या सुंदर मैदानांपेक्षा पोरं बांधकामाच्या भंगारात जास्त रमतात, तर १९४३ मध्ये, म्हणजे महायुद्ध चालू असताना, कोपनहेगनच्या एमड्रुप भागात भंगाराचंच मैदान काढलं. आमच्याकडे फ्रीजचा एक खोका आला होता, तो आधी घर, मग बोट, मग तुरुंग, आणि पाऊस आल्यावर लगदा, त्या लगद्याचं पण त्यांनी काहीतरी केलं. एवढंच बघा की खिळे निघालेली फळी नको, आणि दोरी दिली तर ती झोक्याला, घसरगुंडीला किंवा गळ्यात बांधायची नाही, हा नियम कडक.

पडणार, खरचटणार, भांडणार

नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी २००७ मध्ये पोरांच्या "धाडसी" खेळाचे सहा प्रकार सांगितले. उंचावर चढणं, जोरात वेगाने जाणं, हत्यारं वापरणं, पाणी-आगीसारख्या धोक्याच्या जागेजवळ खेळणं, मस्ती-कुस्ती, आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं. यादी वाचली तर लक्षात येईल की आपण दिवसभर पोरांना ज्याला नाही म्हणतो ती हीच यादी आहे. सगळ्याला हो म्हणा असं नाही, पण प्रत्येकातलं थोडं थोडं वयाप्रमाणे मिळायला हवं. पाच वर्षांच्या पोराला बटाटा सोलायचं सोलाणं, आठला लहान करवत तुमच्या शेजारी बसून, असं.

चढण्यासाठी आमचा एकच नियम आहे, तुझं तुला चढता येतंय तेवढंच चढायचं. वर उचलून ठेवायचं नाही, कितीही रडलं तरी. स्वतः चढलेलं पोर बहुतेक स्वतः उतरतं, आपण ठेवलेल्या पोराला उतरायचं कसं ते माहीतच नसतं. आणि "पडशील!" हे ओरडणं बंद. आपण ओरडलो की ते आपल्याकडे बघतं आणि नेमकं तेव्हा पाय सुटतो. त्याऐवजी जवळ जाऊन हळू आवाजात विचारायचं, "आता पाय कुठे ठेवणार?", "ती फांदी हलते का बघ", "उतरताना कुठून येणार?" मला हे जमायला वर्ष लागलं, अजून पण जीभ चावते मी.

मस्ती चाललीये का मारामारी हे ओळखायचं कसं? चेहरे बघा. मस्तीत हसरे असतात, खालचा-वरचा बदलत राहतो, जोर असलेलं पोर मुद्दाम हरतं, आणि संपल्यावर दोघं तिथेच राहतात. मारामारीत चेहरा आवळलेला असतो, एकच जण सतत खाली, आणि संपलं की एक जण निघून जातो. पहिल्या प्रकारात पडायचं नाही. दुसऱ्यात पडायचं, पण निवाडा करायला नाही, वेगळं करायला. "आधी कुणी मारलं" याचं खरं उत्तर कुणाकडेच नसतं.

एका बाबतीत मात्र शून्य मोकळीक, पाणी. नदी, तळं, स्विमिंग पूल, हौद, बाळ असेल तर भरलेली बादलीसुद्धा. बुडणारं पोर सिनेमातल्यासारखं हात हलवून ओरडत नाही, बहुतेक वेळा गपचूप खाली जातं. तिथे पुस्तक बंद, फोन बंद, नजर पोरावर, आणि "सगळे बघतायत" म्हणजे कुणीच बघत नाही, म्हणून नाव घेऊन एका मोठ्या माणसावर जबाबदारी द्यायची.

नजरेआड सोडायचं ते टप्प्याटप्प्याने

आधी तुमच्या भागातला कायदा बघून घ्या, किती वयाचं पोर एकटं सोडायला चालतं याचे नियम जागोजागी वेगळे असतात. अमेरिकेत यूटा राज्याने तर २०१८ मध्ये कायदाच बदलून लिहून ठेवलं की पोराच्या गरजा नीट भागत असतील आणि त्याला पुरेशी समज असेल, तर त्याला एकटं शाळेत चालत जाऊ देणं किंवा बाहेर खेळू देणं म्हणजे हेळसांड नाही. हे कायद्यात लिहायची वेळ यावी म्हणजे बघा.

मग एक रस्ता निवडा, समजा मैत्रिणीचं घर. पहिले काही दिवस तुम्ही नेता आणि बोलून दाखवता, इथे थांबते, इकडे बघते, ती गाडी मागे येतेय. मग ती पुढे आणि तुम्ही मागे दहा पावलं, गप्प, चुकली तरी लगेच बोलायचं नाही, धोका असेल तरच. मग तुम्ही त्या टोकाला उभे आणि ती एकटी येते. मग एकटी. मधला कुठलाही टप्पा महिनाभर चालला तरी घाई नाही. आणि वयाचा आकडा मला विचारू नका. माझी लेक आठव्या वर्षी एकटी जायला लागली, तिच्याच वयाची एक मैत्रीण अजून रस्त्यावर मांजर दिसलं की पळते, तिला इतक्यात नको.

नियम थोडे ठेवा, नाहीतर एकही लक्षात राहत नाही. आमचे तीन आहेत. जाताना सांगून जायचं. परत कधी यायचं ते ठरलेलं. आणि बेत बदलला, म्हणजे इथून तिकडे जायचं ठरलं, तर आधी घरी येऊन सांगायचं.

"अनोळखी माणसाशी बोलायचं नाही" हा आपला लाडका नियम मी काढून टाकला. २००५ मध्ये यूटामध्येच एक ११ वर्षांचा मुलगा डोंगरात हरवला होता, चार दिवस, आणि सापडल्यावर कळलं की शोधायला आलेल्या लोकांना बघून तो लपत होता, कारण अनोळखी माणसांपासून लांब राहायचं हे त्याच्या डोक्यात बसलेलं. त्यापेक्षा असं सांगा, बोलायला हरकत नाही, पण कुणाबरोबर *जायचं* नाही, आणि कुणाकडून काही घ्यायचं नाही. हरवलास तर आहेस तिथेच थांब, आणि लहान मुलं बरोबर असलेली एखादी बाई बघून तिला सांग, मी हरवलोय. आपला फोन नंबर तोंडपाठ, हातावर लिहिलेला नाही, घामाने जातो. आणि कुणी मोठं माणूस म्हणालं की "हे आपल्या दोघांतच, आईला सांगू नकोस", तर ते पहिलं आईलाच सांगायचं, आई रागावणार नाही. हे एकदा सांगून होत नाही, महिन्यातून एकदा गप्पा मारता मारता परत काढायचं.

आता क्लास

एवढं सगळं झाल्यावर क्लास कुठला हे पोरंच सांगतात. लेकीला खेळता खेळता कळलं की तिला उलट्या कोलांट्या आवडतात, मग ती जिम्नॅस्टिक्सला गेली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं चांगली दमवणारी हालचाल हवी, ती पकडापकडीतून मिळाली तरी चालते, त्यासाठी फी भरायलाच हवी असं नाही. पोहणं तेवढं मी अपवाद धरते, ते शिकवाच, आवड असो-नसो.

निवडताना ट्रायलला जाऊन एका पोरावर नजर ठेवा आणि घड्याळ लावा. तासातली किती मिनिटं ते खरंच हलतंय आणि किती मिनिटं रांगेत आहे. चुकल्यावर सर काय बोलतात ते ऐका. किती मुलांमागे किती मोठी माणसं, टॉयलेटला कोण नेतं, घ्यायला दुसरं कुणी आलं तर सोडतात का, पालकांना बसून बघू देतात का. बघू देत नसतील तर दुसरीकडे जा, कारण काहीही सांगू देत. आणि वर्षाची फी एकदम भरू नका, मी भरली होती, दुसऱ्या महिन्यात पोरगी जायला तयार नाही आणि पैसे परत मिळेनात, तिथले लोक फोन उचलायचेच बंद झाले. वाचनालय, म्युझियम, स्काउट-गाईड, मोफत शिबिरं हे पण बघून ठेवा, नोटीस बोर्डावर कागद चिकटवलेला असतो, नेटवर सापडत नाही. एका वेळी एकच क्लास. खेळायच्या दोन संध्याकाळी मोडून कुठलाही क्लास लावायचा नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं.

शेजारी

तक्रार येणारच. आवाज, बॉल, कुंडी. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात ३१ वं कलम खेळण्याच्या हक्काचं आहे, पण ज्यांची कुंडी फुटलीये त्यांना ते वाचून दाखवायला जाऊ नका. पोरांनाच पाठवा, जी जी खेळत होती ती सगळी. आमच्याकडे सहा जण ओळीने एका काकांच्या दारात उभे राहिले होते, बोलायला कुणी तयार नाही, शेवटी सगळ्यात लहानीने सांगितलं की "काका, झाड जिवंत आहे, फक्त कुंडी मेलीये." काकांनी दुपारी २ ते ४ आवाज नको एवढी एकच अट घातली. ती पोरांनी स्वतः खडूने भिंतीवर लिहिली आणि आता नवीन पोर आलं की तेच त्याला दाखवतात.

घरात आल्यावर पहिल्या मिनिटाला चौकशी सुरू करू नका. पाणी, हात-पाय, खरचटलं असेल तिथे साबण-पाणी. डोक्यावर पडल्याचं कळलं आणि नंतर उलटी, गुंगी किंवा बोलण्यात गडबड वाटली तर थांबायचं नाही, सरळ डॉक्टर. बाकीच्या गोष्टी रात्री दिवा घालवल्यावर आपोआप बाहेर येतात, कोण कुणाशी कट्टी आहे वगैरे.

आमच्याकडे सध्या वाद परतायच्या वेळेवर आहे. मी साडेसहा म्हणते, लेक सात म्हणते, तिचं म्हणणं की खेळ रंगतोच साडेसहाला. काल ती पावणेसातला आली, गुडघ्याला चिखल, आणि दारातूनच म्हणाली की आधी घड्याळ नको बघूस, आधी हे ऐक.